बाबांचं पान आणि एक जूनचा दाखला

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची, वय ६४, निवृत्त शिक्षिका. माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. १९९६ साली गेले. मराठी विकिपीडियावर त्यांच्याबद्दल एक लेख आहे, कुणी लिहिला ठाऊक नाही, जेमतेम आठ-दहा ओळींचा. त्यात जन्मसाल १९३१ दिलंय. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर १९२९ आहे. शिवाय ‘मानधनाच्या वादातून १९६८मध्ये त्यांनी नाटक कंपनी सोडली’ असं एक वाक्य आहे आणि त्याला एका नटाच्या आत्मचरित्राचा संदर्भ दिलाय. त्या गृहस्थांचं आणि बाबांचं कधीच पटलं नाही. मी साल दुरुस्त केलं, ते वाक्य काढलं आणि बाबांच्या कार्याबद्दल मनापासून दोन पानं लिहिली. थोड्या वेळानं पाहते तो सगळं पूर्ववत! मी पुन्हा घातलं. एकाच संध्याकाळी असं पाच वेळा झालं. मग माझ्या भाच्यानं त्याच्या खात्यावरून घातलं. (तो बाबांच्या नावानं हार्मोनियमचे क्लास चालवतो. त्यानं खाली क्लासचा पत्ता आणि मेलही टाकला.) आता आमची दोघांचीही खाती बंद झाली आहेत आणि माझ्या चर्चा पानावर, म्हणजे इतर संपादक मला निरोप ठेवतात त्या पानावर, ‘हितसंबंध’ असा शब्द आलाय. पस्तीस वर्षं शिकवलं, कुणी असा आरोप केला नव्हता. भाच्याला एका माणसाचा मेल आलाय, तीस हजारांत पान ‘पक्कं’ करून देतो म्हणतो. माझ्याच वडिलांबद्दल मला लिहिता येत नाही, आणि ज्यानं त्यांना कधी पाहिलंही नाही त्याला येतं, हा कुठला न्याय?

— एक लेक, मिरज

ताई, आधी त्या तीस हजारांचं बोलू. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल, पण भाचा पैसे पाठवून मोकळा झाला तर पंचाईत.

विकिपीडियावरचं कुठलंही पान कुणालाही ‘पक्कं’ करून देता येत नाही. आज त्यानं लिहिलेलं उद्या कुणीही बदलू शकतो, ती जागाच तशी आहे. मग तो विकतोय काय? २०१५च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक टोळी उघडकीला आली. त्यातल्या पहिल्या सापडलेल्या खात्याच्या नावावरून त्या प्रकरणाला ‘ऑरेंजमूडी’ म्हणतात. ३८१ खाती बंद करावी लागली, २१० लेख काढून टाकले गेले. त्यांची रीत ऐका. ज्यांचे लेख नाकारले गेलेत किंवा उडवले गेलेत अशी माणसं, छोटे दुकानदार, कलाकार हेरायचे. ‘मी जुना जाणता संपादक आहे, तुमचं काम करून देतो’ म्हणून पैसे घ्यायचे. लेख लागला की मग ‘सांभाळायचे’ पैसे वेगळे. न देणाऱ्याचा लेख पुन्हा धोक्यात. आपल्याकडे बाजारपेठेत दुकानं ‘सांभाळणारे’ असतात ना, त्यातलाच प्रकार.

आता भाच्याला मेल कसा आला ते तुमच्या लक्षात येईल. तुमचा मजकूर लेखातून गेला असला तरी ‘इतिहास’ या कळीखाली तो जसाच्या तसा पडून आहे. क्लासच्या पत्त्यासकट, मेलसकट. जगात कुणीही तो उघडून वाचू शकतो. त्या गृहस्थानं तेच केलं असणार.

पैसे घेऊन लिहिणं सरसकट बंद आहे असंही नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींत २०१४पासून असं आहे की पैसे घेऊन संपादन करणाऱ्यानं आपल्याला कोण पैसे देतंय, कुणाच्या वतीनं, ते जाहीर लिहायचं. तुमच्या त्या माणसाला एवढंच विचारा: ‘माझ्याकडून पैसे घेतलेत हे तुम्ही विकिपीडियावरच्या तुमच्या ओळखीच्या पानावर, म्हणजे सदस्य पानावर, लिहिणार ना?’ बहुधा पुढचा मेल येणार नाही.

आता तो शब्द. हितसंबंध. तो तुम्हाला शिवीसारखा लागला हे पत्रात दिसतंय, आणि मराठीत त्याला तसा वास आहेच. आपण तो ‘हितसंबंधी मंडळी’ असा, नाक मुरडूनच वापरतो. तिथे मात्र त्याचा अर्थ कोरडा आहे: लेखाच्या विषयाशी तुमचं नातं आहे. लेक आहात की नाही? मग आहेच. तुम्ही खोटं लिहिलंत असं कुणी म्हटलेलं नाही. स्वतःच्या मुलीचा पेपर तुम्ही तपासायला घेतला नसतात. ती हुशार असती तरी नसतात. आणि यात तुम्ही एकट्या नाही. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी २००५मध्ये स्वतःवरच्या लेखात फेरफार केले. सुरुवातीचे साथीदार लॅरी सँगर यांना सहसंस्थापक म्हणायचं की नाही, हाच वाद. लोकांनी इतिहास उघडून दाखवला आणि वेल्स यांना हे करायला नको होतं असं कबूल करावं लागलं. घर बांधणाऱ्यालाच जिथे ही मुभा नाही, तिथे तुमची-माझी काय कथा.

माझी कथा तर आहेच. आमच्या आजोबांनी गावात वाचनालय काढलं होतं. मी विकिपीडियावर नवा असताना त्यावर लेख लिहिला: ‘पंचक्रोशीच्या सांस्कृतिक जडणघडणीत मोलाचा वाटा’ वगैरे. संदर्भ शून्य. दोन दिवसांत लेख गेला. काढणाऱ्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही. नंतर वर्षभरानं मीच तसले लेख तपासायला लागलो, तेव्हा कळलं की प्रत्येक तालुक्यात एक ‘मोलाचा वाटा’ उचललेलं वाचनालय आहे आणि ते लिहिणारा प्रत्येक जण त्या घरातला आहे.

तुम्ही तुमचा मजकूर पत्रासोबत जोडलात हे बरं केलंत. दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात ‘रसिकांच्या हृदयसिंहासनावर अधिराज्य गाजवणारे, ऑर्गनचे अनभिषिक्त सम्राट’ आहे. ताई, रागावू नका, पण या ओळीत बाबा कुठेच दिसत नाहीत. नाव बदलून ती कुठल्याही तबलजीला, गायकाला, आमदारालासुद्धा चालेल. पुढे चौथ्या परिच्छेदात मात्र तुम्ही लिहून गेलात की कोकणच्या दौऱ्यात दमट हवेनं ऑर्गनच्या पट्ट्या फुगून अडकायच्या, म्हणून बाबा प्रयोगाच्या दोन तास आधी थिएटरात जात, फळी उघडून एकेक पट्टी घासून मोकळी करत, आणि तोवर चहासुद्धा घेत नसत. हे वाचताना मला माणूस दिसला. दुःख असं, की विकिपीडियाच्या दृष्टीनं सम्राटाची ओळ आणि पट्टीची ओळ, दोन्ही सारख्याच अडचणीच्या. पहिली स्तुती म्हणून जाईल. दुसरी जाईल ती तिला छापील आधार नाही म्हणून. जे आधी कुठे तरी प्रसिद्ध झालंय तेवढंच तिथे घेतात. घरातली आठवण, कितीही खरी असली तरी, तिथे पहिल्यांदा उतरवता येत नाही. मला हा नियम पटतो, आणि अशा वेळी तो बोचतोही.

पण म्हणून ती पट्टीची ओळ वाया घालवू नका. ती दुसरीकडे छापून आणा. नाट्यविषयक नियतकालिक, दिवाळी अंक, एखाद्या संगीत नाट्यसंस्थेची स्मरणिका, जिथे संपादक तुमचा मजकूर वाचून, निवडून छापतो अशी जागा. दीड हजार शब्द, बाबा आणि त्यांचा ऑर्गन. तिथे तुम्ही लेक म्हणूनच लिहा, तिथे ते नातं हीच मजकुराची ताकद. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी २०१२मध्ये हाच रस्ता घेतला. त्यांच्याच एका कादंबरीची प्रेरणा विकिपीडियावर चुकीची दिली होती. त्यांनी कळवलं, तर उत्तर आलं की लेखकाचं म्हणणं मान्य, पण आम्हाला दुसरीकडचा आधार लागतो. चिडून त्यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. आणि तेच पत्र मग लेखात संदर्भ म्हणून आलं! चिडायचंच असेल तर असं, छापून येईल अशा रीतीनं चिडावं.

जन्मसालाकडे येऊ. तुम्ही दाखल्याची झेरॉक्सही पाठवलीत. तारीख वाचली आणि मला हसू आलं, माफ करा. १ जून १९२९! त्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर विचारायचे, ‘पोरगं केवढं?’ आई म्हणायची, ‘प्लेगच्या नंतरचं’ किंवा ‘थोरल्याहून दोन वर्षांनी धाकटं’. मास्तर अंदाजानं साल धरायचे आणि तारीख १ जून टाकून मोकळे. माझ्या वडिलांचीही तीच आणि त्यांच्या दोन भावांचीही तीच. आजीनं तिघांना एकाच तारखेला जन्म दिला असावा. तेव्हा १९२९ हे १९३१पेक्षा जास्त खरं आहे असं मी छातीठोक म्हणू शकणार नाही आणि, खरं सांगा, तुम्ही तरी म्हणाल का? घरात पत्रिका असेल तर ती काढून बघा, पण ती तुमच्या समाधानासाठी. घरच्या ट्रंकेतला कागद वाचकाला तपासता येत नाही, म्हणून तो संदर्भ होत नाही. लेखातलं १९३१ कुठून आलं ते मात्र तुम्ही जरूर विचारू शकता. त्याला संदर्भ नसेल तर ते साल काढूनच टाका अशी विनंती करा. चुकीच्या सालापेक्षा रिकामी जागा बरी. दोन छापील ठिकाणी दोन सालं सापडली तर दोन्ही देता येतात.

आणि ते १९६८चं वाक्य. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे, फक्त तुम्ही हत्यार चुकीचं उचललंत. संदर्भ असलेलं वाक्य लेकीनं गुपचूप काढलं, की बघणाऱ्याला ते लपवाछपवीच वाटणार. पण तो संदर्भ तरी कुणाचा? ज्याचं बाबांशी पटत नव्हतं त्याच्या आत्मचरित्राचा. म्हणजे हितसंबंध त्या बाजूलाही आहेत! मग मागणी अशी करायची की ही एका व्यक्तीची आठवण आहे, ती सिद्ध घटना म्हणून न देता ‘अमुक यांच्या आत्मचरित्रानुसार’ अशी द्यावी, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रात किंवा दुसऱ्या कुणाच्या लिखाणात वेगळं काही असेल तर तेही जोडावं. वाक्य पूर्ण जाणार नाही कदाचित. त्याची तयारी ठेवा. मानधनासाठी भांडणारा वादक मला तरी लहान वाटत नाही. ऑर्गन उघडून पट्ट्या घासणाऱ्याला पैसे वेळेवर मिळावेत असं वाटलं असेल तर त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता खातं. बंद खात्यावरूनही बहुधा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं. तिथे भांडू नका, पस्तीस वर्षांचा अनुभवही काढू नका. साधारण असं लिहा:

‘मी या लेखातील व्यक्तीची मुलगी आहे. हे मी आधी सांगितलं नव्हतं. एका दिवसात मी पाच वेळा तोच मजकूर परत घातला, नंतर माझ्या भाच्यानं माझ्या सांगण्यावरून त्याच्या खात्यातून घातला. नियम माहीत नव्हते, आता वाचले आहेत. यापुढे या लेखात मी स्वतः बदल करणार नाही, लेखाच्या चर्चा पानावर संदर्भासह विनंती करीन. खातं उघडावं ही विनंती.’

‘माझ्या सांगण्यावरून’ हे शब्द गाळू नका. तुम्हाला वाटेल भाच्याचं खातं वेगळं, माणूस वेगळा. पण दोन जण ठरवून एकच बदल रेटत असतील तर तिथे त्यांना एकच धरतात. पाच वेळा उलटसुलट करण्याचं म्हणाल तर इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं की खातं बंद होऊ शकतं, तुमची बाजू बरोबर असली तरीसुद्धा. तेव्हा तुमच्यावर काही विशेष राग धरलाय असं समजू नका.

भाच्यासाठी वेगळा निरोप. त्याचा क्लास बाबांच्या नावावर चालतो, म्हणजे त्याचं नातं नुसतं रक्ताचं नाही, फीचंही आहे. त्यानं त्या लेखापासून चार हात लांब राहावं. पत्ता आणि मेल टाकणं तर फारच झालं. ज्ञानकोश म्हणजे गणेशोत्सवाच्या मांडवाबाहेरची पाटी नव्हे.

तुमच्या बाजूनंही एक बोलतो. ज्यानं तुमचं सगळं उलटवलं त्यानं तुम्हाला दोन ओळी साध्या भाषेत लिहायला हव्या होत्या. नवख्यांवर खेकसू नका, असा तिथे नियमच आहे. तुमच्या दोन पानांत बाबांच्या आडनावातली एक ऱ्हस्वदीर्घाची चूकही तुम्ही दुरुस्त केली होती, ती दुरुस्तीही बाकीच्याबरोबर वाहून गेली. पण मराठीत हे काम करणारी माणसं थोडी आहेत, सगळी बिनपगारी, आणि रात्री नोकरीवरून आल्यावर जाहिराती, शिव्या, नेत्यांचे वाढदिवस उपसत असतात. त्या ढिगात तुमची दोन पानंही तशीच दिसली असणार. आडनावाची दुरुस्ती खातं उघडल्यावर लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल बोलायच्या पानावर, पहिली मागा. लगेच होईल, आणि बोलणं सुरू होईल.

चर्चा पानावर मागायची रीत सांगतो. एका वेळी एकच गोष्ट. आत्ता काय लिहिलंय, त्याऐवजी काय हवं, कशाच्या आधारावर. पुस्तक असेल तर नाव, लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठ. वर्तमानपत्र असेल तर नाव, तारीख, पान. ते इंटरनेटवर असायलाच हवं असं नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे; मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुणे नगर वाचन मंदिरात जाऊन कुणाला बघता आलं तरी पुरे. आठवडाभर उत्तर आलं नाही तर ‘चावडी’वर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, एक ओळ टाका. आणि लिहायची सवय करायची असेल तर दुसऱ्या विषयांवर लिहा. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांबद्दल, तुम्ही शाळेत शिकवलेल्या विषयाबद्दल, जिथे तुमचं कुणी नात्यात नाही. लेखात सापडणाऱ्या शिव्या किंवा उघड खोडसाळपणा काढायला मात्र तुम्हालाही कुणाची परवानगी लागत नाही, बाबांच्या पानावरसुद्धा.

एक गोष्ट तुम्ही आजही देऊ शकता, आणि ती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकणार नाही. फोटो. तुम्ही लिहिता की बाबांचा ऑर्गनवर बसलेला, स्टुडिओवाल्याला बोलावून पैसे देऊन काढून घेतलेला एक फोटो आहे. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या १७व्या कलमात असं आहे, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा. म्हणजे बाबा, आणि त्यांच्यामागे वारस. तुमचे भाऊ-बहीण असतील तर त्यांची संमती लेखी घ्या आणि मग तो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक साठ्यात, मुक्त परवान्याखाली द्या. देताना एक कळून द्या: मुक्त म्हणजे खरोखर मुक्त, उद्या तो कुणी कॅलेंडरवर छापला तरी नाव देऊन छापू शकतो. चालत असेल तर द्या. लेखात तो लावण्याची विनंतीही चर्चा पानावरच करा, नातं सांगून. फोटोला सहसा कुणी नाही म्हणत नाही. प्रयोगाचा फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असेल तर तो मात्र नको, मागे फोटोग्राफरचा शिक्का असो वा नसो.

राहता राहिलं ते तुमच्याकडचं वर्तमानपत्राचं जुनं कात्रण. नाटकाचं समीक्षण, त्यात बाबांच्या साथीबद्दल तीन ओळी, वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही, आईनं कडेनं कापून वहीत चिकटवलेलं. तुमच्या सगळ्या पुडक्यात लेखाला खरा उपयोगी पडेल असा हाच एक कागद. वहीचं ते पान ओलसर फडक्याखाली वगैरे धरू नका, शाई जाईल. उजेडासमोर धरा. मागची बाजू आरपार दिसते का बघा. मागे सिनेमाची जाहिरात असेल, बाजारभाव असतील, क्रिकेटचा धावफलक असेल. कसोटी सामन्याचे चार आकडे जरी वाचता आले तरी तारीख दोन-तीन दिवसांवर आणता येते. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठवा, धावफलक असेल तर मी बघतो.